दुप्पट इंधन, पण वेग दुप्पट नाही

रॉकेटमध्ये दुप्पट इंधन भरलं, तर त्याचा वेगही दुप्पट होईल का? आम्ही वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुलं 'हो' म्हणतात. उत्तर 'नाही' असं आहे. ते का, हे पालकांनाही घरी मुलांसोबत वही घेऊन पडताळता येईल.

रॉकेट इंधन जाळून तापलेला वायू मागे फेकतं आणि स्वतः पुढे जातं. इंधन जळत जातं तसं त्याचं वजन घटतं, म्हणून तोच रेटा पुढे पुढे जास्त वेग देतो. हे गणित कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की या रशियन शिक्षकाने १९०३ साली प्रसिद्ध केलं. त्याचं सार असं : वजन दर वेळी निम्मं झालं की वेगात ठरावीक भर पडते. ही भर म्हणजे वायूचा वेग गुणिले ०.६९३.

समजा, वायूचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर आहे. मग भर सुमारे २.१ किलोमीटरची. आता १६ टनांचं रॉकेट घेऊ. वजन ८ टन झालं की वेग २.१, ४ टनांवर ४.२, २ टनांवर ६.२ आणि १ टनावर ८.३ किलोमीटर. पहिल्या टप्प्यात ८ टन इंधन जळलं, शेवटच्या टप्प्यात फक्त १ टन. भर मात्र सारखीच! सुरुवात ३२ टनांपासून केली, तरी वाढेल ते २.१ किलोमीटरच.

पृथ्वीभोवती फिरत राहायला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो. गुरुत्वाकर्षण आणि हवेचा अडथळा यांत काही वेग वाया जातो, तो वेगळाच. म्हणून रॉकेट अनेक टप्प्यांचं करतात. रिकामा टप्पा गळून पडतो आणि ओझं कमी होतं.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ज्याचे प्रकल्प संचालक होते, ते एसएलव्ही-३ असंच चार टप्प्यांचं होतं. १९७९ सालचं पहिलं उड्डाण फसलं. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोटाहून ते यशस्वी झालं. सुमारे १७ टनांच्या त्या रॉकेटने कक्षेत नेलेला रोहिणी उपग्रह होता अवघा ३५ किलोंचा!

दहावीनंतर 'मुलीला गणित कशाला?' असं घरात कुणी म्हटलं, तर आधी तिच्यासमोर हा हिशेब मांडा. गुणाकार-भागाकार येणाऱ्या मुलीला तो जमतो, हे आम्ही दरवर्षी पाहतो. पुढचं तिला ठरवू द्या.