नांगरामागून आलेली अक्षरे

मासिके म्हणजे पुण्या-मुंबईची मिरास, अशी आमच्या विद्यार्थ्यांची समजूत असते. मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकविताना मी फळ्यावर 'किर्लोस्करवाडी' असे लिहितो, तेव्हा हमखास कोणीतरी म्हणतो, "सर, ते तर पंपांचे गाव!"

खरेच आहे. पण या गावाने नांगर आणि मासिक दोन्ही घडविली, आणि तीही एकाच गरजेपोटी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिले लोखंडी नांगर बेळगावात केले. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत! चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यातच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या सापांच्या माळावर १९१० साली वाडी वसली. रखवालीला नेमली कोण? तर तुरुंगवास भोगून आलेली माणसे! विश्वास टाकल्याशिवाय तो मिळत नाही, हे लक्ष्मणराव जाणून होते.

नांगर भट्टीत ओतता येतो. शेतकऱ्याचे मन वळवायला मात्र शब्दच लागतात. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांना देण्यासाठी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे 'शंवाकि', त्याचे संपादक. जाहिरातीचे हे पत्र बघता बघता 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आले, १९३४ साली 'मनोहर'. जमिनीविषयीच्या भ्रमाशी सुरू झालेली झुंज आता माजघरातल्या रूढींपर्यंत पोचली. माझ्या आजीच्या ट्रंकेत लुगड्यांखाली 'स्त्री'चे जुने अंक असत. शाळा सुटल्यावर तिचे शिक्षण त्या अंकांनीच चालू ठेवले.

पण शब्दांची पोच सर्वदूर नसते. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, १९४८ साली, या कारखान्याला आग लावण्यात आली. समाज बदलू पाहणाऱ्या वाडीला समाजाच्याच रागाची झळ बसली. या गावाची कहाणी सांगताना एवढा भाग गाळून चालणार नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला, ही गोष्टही तितकीच मोलाची.

पुढे मासिके पुण्याला गेली आणि तेथेच थांबली. वाडीत कारखाना आहे. पंप तयार होत आहेत. पुणे-मिरज मार्गावर 'कुंडल रोड' ही पाटी मात्र आता दिसायची नाही. तेथे 'किर्लोस्करवाडी' असे लिहिलेले आहे. वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत त्या गाडीने गेलात, तर ती पाटी जरूर वाचा. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीतरी जणींच्या घरी मासिक आले ते याच गावाहून.