साच्याचे आयुष्य आणि लघुउद्योगांची उत्पादकता

दुचाकीच्या इंजिनाचे आवरण किंवा विजेच्या मोटरचे भाग यांसारख्या ॲल्युमिनियमच्या वस्तू डाय-कास्टिंग पद्धतीने तयार होतात. वितळलेला धातू उच्च दाबाने पोलादी साच्यात भरला जातो. वाळूचा साचा एकदाच वापरता येतो. पोलादी साचा हजारो वेळा वापरला जातो. त्यामुळे तो उद्योगाची महत्त्वाची भांडवली गुंतवणूक ठरतो.

साचा का निकामी होतो?

सुमारे ६५० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाच्या धातूने साच्याचा पृष्ठभाग तापतो आणि वंगणाच्या फवाऱ्याने लगेच थंडावतो. सततच्या प्रसरण-आकुंचनामुळे त्यावर जाळीसारख्या भेगा पडतात. वेगवान प्रवाहामुळे झीज होते, तसेच ॲल्युमिनियम साच्याला चिकटते. या कामासाठी प्रामुख्याने एच-१३ हे सुमारे ५ टक्के क्रोमियम असलेले पोलाद वापरतात. नायट्राइडिंगसारख्या प्रक्रियेने त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण करता येतो.

तांब्याचा वितळणबिंदू सुमारे १०८५ अंश असल्याने त्याच्या ओतकामात हे पोलाद फार लवकर भेगाळते. मोटरच्या तांब्याच्या रोटरसाठी अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत निकेलवर आधारित मिश्रधातूंचे साचे ६०० अंशांहून अधिक तापवून वापरल्यास जास्त टिकतात, असे आढळले. साच्याचे तापमान वाढवल्याने धातू ओतताना पृष्ठभागाला बसणारा औष्णिक धक्का कमी होतो. म्हणजेच साहित्य आणि कार्यपद्धती यांची चाचणी एकत्रितपणेच घ्यावी लागते.

खर्चाचे गणित

उदाहरणादाखल, १० लाख रुपयांच्या साच्यातून १ लाख नग निघाले तर प्रतिनग साचाखर्च १० रुपये येतो. नव्या साहित्याचा साचा १३ लाखांचा असून त्यातून २ लाख नग निघाले, तर हा खर्च साडेसहा रुपयांवर येतो. शिवाय साचा बदलण्यासाठी यंत्र बंद ठेवण्याचा काळही घटतो. मात्र तो साचा १ लाख नगांनंतरच निकामी झाला, तर खर्च १३ रुपये होतो. मोठा कारखाना ही जोखीम पेलू शकतो. एकदोन यंत्रांवर चालणाऱ्या लघुउद्योगाला ती परवडत नाही.

सामाईक सुविधेचे महत्त्व

कोलकाता व हुगळीपलीकडील हावडा हा परिसर ओतकाम आणि अभियांत्रिकी लघुउद्योगांसाठी प्रसिद्ध आहे. कोलकात्यातील बोनहुगळी येथे केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतील सेंट्रल टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटर आहे. साचे व हत्यारे तयार करणे आणि त्यासाठी कुशल मनुष्यबळ घडवणे, हे तेथील प्रमुख कार्य होय. अशा केंद्रांच्या साहाय्याने पूर्ण साचा न बदलता, धातू जेथून आत शिरतो तेवढ्याच भागात नव्या साहित्याचा तुकडा बसवून चाचणी घेता येईल. चाचणीचा खर्च त्यामुळे मर्यादित राहील.

एका चाचणीचे निष्कर्ष अनेक उद्योगांना उपयोगी पडतात. पण खर्च एकाच उद्योजकाने सोसावा लागला तर चाचण्या पुरेशा प्रमाणात होत नाहीत. अर्थशास्त्रात यालाच बाह्य लाभ म्हणतात. सार्वजनिक टूल रूममधील गुंतवणुकीचे समर्थन याच तत्त्वावर उभे आहे.