सकाळी हजेरी, रात्री कादंबरी

दिवसभर नववी-दहावीच्या पोरांना शिकवायचं आणि रात्री त्याच वयाच्या वाचकांसाठी लिहायचं. दोन्ही एकत्र जमतं का? की एक दिवस राजीनामा टाकावाच लागतो?

रविवारची रात्र, साडेदहा वाजलेले. तुम्ही-आम्ही उद्याच्या मीटिंगचं टेन्शन घेत वीकेंडचा शेवटचा पिक्चर बघत असतो. त्याच वेळी पुण्यातली माझी एक मैत्रीण डायनिंग टेबलवर दोन गठ्ठे मांडून बसलेली असते. डावीकडे नववीच्या सहामाहीचे पेपर, उजवीकडे तिची कादंबरी. चौदा वर्षांच्या मुलीची गोष्ट. साठ पानं झालीयत, पण गेले सात महिने ती साठच आहेत! डावा गठ्ठा संपेपर्यंत बारा वाजतात आणि उजवा तसाच कपाटात जातो.

दिवाळीच्या सुट्टीत तिचा फोन आला. "राजीनामा टाइप केलाय. फक्त सेंड करायचाय."

मी स्वतः फ्रीलान्स. पहिल्या तारखेला पगाराचा एसएमएस न येणं म्हणजे काय असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हटलं, बाई गं, दोन दिवस थांब. शिकवता शिकवता लिहिणाऱ्यांनी काय केलं, ते तरी आधी बघू.

वर्गातलेच पहिले वाचक

सुरुवात अर्थातच पर्सी जॅक्सनपासून. त्याचे लेखक रिक रिऑर्डन अमेरिकेत तब्बल पंधरा वर्षं मिडल स्कूलमध्ये इंग्रजी आणि इतिहास शिकवत होते. त्यांची पहिली कादंबरी १९९७ साली आली, तीही मोठ्यांसाठीची डिटेक्टिव्ह कथा. नोकरी चालूच होती. पर्सीचा जन्म झाला तो घरी, मुलाला झोपवताना. मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी असल्याचं निदान झालेलं, शाळा नकोशी झालेली. त्याला फक्त ग्रीक पुराणकथा आवडायच्या. बाबांचा त्या कथांचा स्टॉक संपला, तेव्हा त्यांनी एक नवा हीरो तयार केला. त्यालाही डिस्लेक्सिया आणि एडीएचडी!

खरी गंमत पुढे आहे. हस्तलिखित तयार झाल्यावर रिऑर्डन यांनी ते आपल्या सहावी ते आठवीच्या काही विद्यार्थ्यांना वाचायला दिलं. पुस्तकाचं नाव ठरवायला आणि पर्सीची तलवार कशी चालते हे ठरवायला या पोरांनीच मदत केली. 'द लायटनिंग थीफ' २००५ साली बाजारात आलं. आणि नोकरी? ती त्यांनी सोडली, पण पुस्तक विकलं गेल्यावर. हा क्रम लक्षात ठेवा.

रोजचा रियाज

फिलिप पुलमन यांनी ऑक्सफर्डच्या शाळांमध्ये बरीच वर्षं शिकवलं. 'इलियड' आणि 'ओडिसी'च्या गोष्टी ते मुलांना पुस्तक न उघडता, तोंडी सांगत. वेगवेगळ्या वर्गांना, दरवर्षी, पुन्हा पुन्हा. विचार करा, तेरा वर्षांचं पोर कुठे चुळबुळ करतं आणि कुठे डोळे मोठे करतं, हे शिकवणारं यापेक्षा चांगलं वर्कशॉप कुठे मिळणार? ते शाळेसाठी नाटकंही लिहीत. त्यांच्या 'द रुबी इन द स्मोक' या कादंबरीचं बीज अशाच एका शाळेच्या नाटकात आहे. लिहिण्याचा नियम एकदम सिंपल, दिवसाला तीन पानं. मूड असो वा नसो.

कराडचे सर

हे सगळं परदेशातलं, असं म्हणत असाल तर लंपनला आठवा. 'वनवास' वाचलेल्या कुणालाही लंपन वेगळा सांगावा लागत नाही. त्याला लिहिणारे प्रकाश नारायण संत कराडच्या कॉलेजात शिकवायचे. आणि विषय? भूगर्भशास्त्र! लंपनच्या सुरुवातीच्या कथा 'सत्यकथे'त आल्या त्या साठच्या दशकात, आणि 'वनवास' हे पहिलं पुस्तक आलं १९९४ साली. मधली वर्षं मोजून बघा. पण एकदा पुस्तक आल्यावर 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' पुढच्या आठ वर्षांत आली. तिशीच्या आत पुस्तक आलं नाही म्हणजे संपलं, असं वाटणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वेळापत्रक फ्रीजवर चिकटवून ठेवावं.

इथे मात्र जपून

आता नाण्याची दुसरी बाजू. विल्यम गोल्डिंग इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या शाळेत शिक्षक होते आणि शिकवणं त्यांना फारसं आवडत नव्हतं. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' त्यांनी वर्गात बसूनही लिहिली, चक्क शाळेच्या वह्यांमध्ये. मुलांना काम काय, तर पानावरचे शब्द मोजायचे! एका सहलीत त्यांनी मुलांचे दोन गट पाडून एकाला हल्ला करायला आणि दुसऱ्याला बचाव करायला लावलं होतं. १९५४ साली पुस्तक आलं, १९८३ साली नोबेल मिळालं. पुस्तक ग्रेटच आहे. पण त्या तासाला शिकायला आलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न उरतोच.

हे सांगितलं तेव्हा मैत्रीण गप्प झाली. मग म्हणाली, "माझ्या चौथ्या प्रकरणात एका मुलीची गोष्ट आहे. ती खरी आहे. स्टाफरूमबाहेर रडत तिने मला सांगितली होती. नाव बदललंय, पण वर्गातलं कुणीही ओळखेल."

ती पानं तिने त्याच रात्री काढून टाकली. तिचं म्हणणं, मुलांकडून कान उसने घ्यावेत, गुपितं नाही. मला वाटतं, पगार आणि वेळेच्या हिशेबापेक्षा हा बॅलन्स जास्त अवघड आहे. शिक्षकावर मुलं विश्वास टाकतात आणि लेखकाला नेमका तोच कच्चा माल दिसतो.

मग राजीनामा?

अजून ड्राफ्ट्समध्येच आहे. जानेवारीत एका ऑफ तासाला तिने नववी 'ब'ला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. लेखिका कोण, ते सांगितलं नाही. पहिली चार पानं पोरं शांत होती. पाचव्या पानावर आजोबांचं लांबलचक वर्णन सुरू झालं आणि शेवटच्या बाकावर कागदी विमान उडालं. घरी येऊन तिने आजोबांना दोन ओळींत आटपलं! आता ती रोज सकाळी साडेपाच ते सव्वासहा लिहिते. पेपरांना हात लावायच्या आधी, डोकं ताजं असताना. परीक्षेच्या दिवसांत अजिबात लिहीत नाही आणि त्याचं गिल्टही घेत नाही. मे महिन्याची सुट्टी मात्र पूर्ण कादंबरीची. पानं झालीयत एकशे दहा.

तुम्हीही ट्राय करा

• दिवसातली सगळ्यात फ्रेश पाऊण तास स्वतःच्या लिखाणाला द्या, उरलेली नाही.
• कामाचा पीक सीझन आधीच कॅलेंडरवर मारून ठेवा. तेव्हा सुट्टी, नंतर डबल शिफ्ट.
• मित्रांना नाही, खऱ्या वाचकाला वाचून दाखवा. तो कुठे मोबाइल बघतो, तिथे खूण करा.
• कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट कथेत येत असेल, तर आधी स्वतःला विचारा, त्या व्यक्तीने हे वाचलं तर?

परवा तिला विचारलं, राजीनामा डिलीट का करत नाहीस? हसून म्हणाली, "असू दे. पुस्तक विकलं गेलं की तारीख बदलून पाठवेन." तोवर सोमवारी सकाळी सव्वासातला हजेरी आहेच.