रेणूत बदल नेमका कुठे करायचा?

नाशिकच्या अंबड वसाहतीत औषधं तयार होतात, शहरात फार्मसीची महाविद्यालयंही आहेत. पण औषध तयार करणं वेगळं आणि नवा रेणू शोधणं वेगळं. या शोधासाठीचं एक साधन इथून दोनशे किलोमीटरवर, पुण्यात घडलं: व्हीलाइफ सायन्सेसचं ‘व्हीलाइफ एमडीएस’ हे सॉफ्टवेअर.

एखाद्या संयुगाचा जंतूंवर थोडाफार परिणाम दिसला, की ते ‘लीड’ ठरू शकतं. मग त्याचे भाऊबंद, म्हणजे अ‍ॅनालॉग, बनवायचे. सांगाड्यावर बदल करता येतील अशा तीन जागा आणि प्रत्येक जागेसाठी 50 अणुगट धरले, तरी 1,25,000 रेणू होतात. एवढे कोण बनवणार? औषधरसायनतज्ज्ञ टॉप्लिस यांनी 1972 मध्ये कागदावरची वाट आखून दिली होती. बेंझिनच्या कड्यावर चौथ्या जागी क्लोरीन लावून बघा. औषधी गुण वाढला तर तिसऱ्या जागीही लावा, घटला तर चौथ्या जागी क्लोरीनऐवजी मिथॉक्सी घ्या.

एमडीएसमधलं ‘लीडग्रो’ असे भाऊबंद सुचवण्याचं काम संगणकावर मोठ्या प्रमाणावर करतं. सांगाडा काढायचा, बदलाच्या जागांवर खूण करायची, गट निवडायचे. रेणूंची यादी तयार. रेणुभार 500 च्या आत हवा, यांसारख्या, तोंडावाटे घ्यायच्या औषधासाठी रेणू योग्य आहे का हे जोखणाऱ्या लिपिन्स्कींच्या अटी लावून ती चाळता येते.

पण माझ्या मते पुणेकरांचं खरं योगदान रेणूची रचना आणि त्याचा गुण यांचं गणिती नातं मांडणाऱ्या ‘जी-क्यूसार’ पद्धतीत आहे. सुभाष अजमानी, कमलाकर जाधव आणि सुधीर कुलकर्णी यांनी ती 2009 मध्ये मांडली. अख्ख्या रेणूचा एकच आकडा काढला, तर गुण कशामुळे वाढला ते कळतं, पण बदल कुठे करायचा ते कळत नाही. इथे रेणूचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचं गणित स्वतंत्र मांडतात. दोन तुकड्यांचा एकमेकांवरचा परिणामही धरतात. त्यामुळे ‘या जागी गट लहान ठेवा, त्या जागी विद्युतऋण अणू आणा’ असं थेट उत्तर मिळतं. रसायनतज्ज्ञाला त्यावर वाद घालता येतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

महाराष्ट्रातल्या फार्मसी महाविद्यालयांच्या कितीतरी शोधनिबंधांत हे सॉफ्टवेअर दिसतं. मात्र वीस-तीस संयुगांवर बेतलेलं असं गणिती मॉडेल त्यांच्याहून फार वेगळ्या रेणूबद्दल भरवशाचं काही सांगू शकत नाही, आकडे कितीही देखणे असोत. अनेक प्रबंध सुचवलेल्या रेणूंच्या तक्त्यापाशीच थांबतात. नाशिकच्या एम. फार्म.च्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एकच विनंती: त्या तक्त्यातले निदान पहिले तीन रेणू प्रयोगशाळेत बनवा, तपासा, आणि अंदाज चुकला तर तेही छापा.