नियंत्रित औषधांची चिठ्ठी : पुन्हा औषध घेण्याचे व नोंदीचे नियम



परदेशीपुऱ्यातील अनेक घरांतून ज्येष्ठ मंडळी झोपेची अथवा तीव्र वेदनेवरील औषधे घेत असतात. जुनी चिठ्ठी दाखविल्यावर औषधविक्रेता ‘नवी आणा’ म्हणून परत पाठवितो, तेव्हा मनस्ताप होतो. परंतु बहुधा तो कायद्याचेच पालन करीत असतो.

१९४५ च्या औषध नियमावलीतील ६५ व्या नियमानुसार अशा औषधांच्या चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते. ‘दरमहा याप्रमाणे तीन वेळा द्यावे’ असे डॉक्टरांनी स्वतः लिहिले असल्यास तेवढ्याच वेळा व तेवढ्याच अंतराने ते पुन्हा मिळते. प्रत्येक वेळी विक्रेत्याने आपले नाव, पत्ता व दिनांक चिठ्ठीवर डॉक्टरांच्या सहीच्या वर लिहावयाचा असतो. तेव्हा दवाखान्यातून निघण्यापूर्वीच ही ओळ लिहून घ्यावी. पुढचे हेलपाटे वाचतात. चिठ्ठीतील औषधाऐवजी दुसरे औषध देण्याचा अधिकार विक्रेत्यास नाही.

१ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झाले. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन, तसेच क्षयरोगावरील व काही प्रतिजैविक औषधे त्यात आहेत. वेष्टनावरील लाल चौकटीतील सूचनेवरून ती ओळखावीत. त्यांच्यासाठी दुकानात स्वतंत्र नोंदवही असते. तीत डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण लिहून ती ३ वर्षे जपावी लागते. नाव विचारले म्हणून संकोच मानू नये. शेड्यूल एक्समधील औषधांसाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते व एक प्रत विक्रेता २ वर्षे ठेवतो.

मॉर्फीनची गोष्ट निराळी, आणि अधिक कळकळीची. आपल्या माळव्यात मंदसौर-नीमच भागात अफू पिकते व नीमचच्या शासकीय कारखान्यात तिच्यापासून मॉर्फीन निघते. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धास्तीने कर्करोगाचे कित्येक रुग्ण वेदना सोसत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वर्ग निर्माण केला आणि अनेक परवान्यांचे जाळे कमी केले. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांतून, नोंद ठेवून, ही औषधे रुग्णास कायदेशीरपणे मिळतात. घरात असा रुग्ण असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांस स्पष्ट विचारावे. त्यात गुन्हा नाही आणि लाजही नाही.

उरलेल्या गोळ्या शेजारी वा नातेवाइकांस देऊ नयेत. कुलुपात ठेवून त्या मोजाव्यात. डायझेपामसारखी गोळी दीर्घकाळ घेऊन अचानक बंद केल्यास झटके येण्याचा धोका असतो. म्हणून गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच नव्या चिठ्ठीची व्यवस्था करावी, विशेषतः यात्रेस निघताना, आणि मूळ चिठ्ठी सोबत बाळगावी.