तुटलेले बोट टाकू नका

येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींचे अपेंडिक्स सुजले. १२ जानेवारी १९२४ रोजी रात्रीच ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. उजाडायची वाट पाहिली नाही. बोटाचेही असेच आहे. कडबाकुट्टीत बोट तुटले, तर हळद-चुना भरत बसू नका. १०८ ला फोन करा. जखमेवर स्वच्छ फडके दाबून धरा, हात उंच ठेवा, अंगठी काढा. तुटलेला तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घट्ट बांधा. ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. नुसत्या बर्फावर मांस गोठून मरते. बोट जोडणारे डॉक्टर कोठे आहेत, हे आधी विचारा. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका. गुरुजनहो, एवढे मुलांना जरूर सांगा. प्रत्येक बोट जोडता येतेच असे नाही. पण उकिरड्यावर टाकलेले कधीच येत नाही.