आपल्या गावचा फाटा

नगर जिल्ह्यात मोठ्या रस्त्याने कोणत्याही दिशेला निघा, दर दोन-चार मैलांवर एक फाटा लागतोच. तेथे एसटीचा थांबा असतो, चहाची टपरी असते, पंक्चरचे दुकान असते, कोणाच्या तरी वाढदिवसाचा भलामोठा फलक असतो आणि अगदी कोपऱ्यापर्यंत आलेला ऊस असतो. शाळेची पोरे, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, सारे येथूनच हमरस्त्यावर चढतात. शहराच्या अंगाला आलेल्या गावांत तर वस्ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाढली आहे. घर एका बाजूला आणि दुकान, दवाखाना दुसऱ्या बाजूला, अशी गत झाली आहे.

२४ जानेवारी २०२४ च्या पहाटे अंधारात पारनेर तालुक्यात, नगर-कल्याण रस्त्यावर ढवळपुरी फाट्याजवळ उसाचा ट्रॅक्टर, मोटार आणि एसटी बस यांचा अपघात होऊन सहा माणसे गेली. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ ला शेजारच्या नाशिक शहराच्या वेशीवर, औरंगाबाद रस्त्यावरील मिरची हॉटेलच्या चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस मालवाहू गाडीवर आदळून पेटली आणि बारा जण दगावले. मग चौकातील अतिक्रमणे निघाली, गतिरोधक बसले. बारा जीव जाण्याची वाट न पाहताही ही कामे करता आली असती, असे कोणालाही वाटेल.

अपघात झाला की आपण ड्रायव्हरला दोष देतो, आणि पुष्कळदा तो असतोही. पण थोडा हिशेब करून पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे येते. भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर थांबलेल्या जागेवरून निघून रस्ता पुरता ओलांडेपर्यंत १२ सेकंद सहज जातात. तेवढ्यात ती मोटार २६४ मीटर चालून आलेली असते. म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला इतक्या लांबची गाडी आधी दिसायला हवी. मोटारवाल्याने ट्रॅक्टर पाहून ब्रेक दाबला तरी त्या वेगात गाडी थांबायला सुमारे १२० मीटर लागतात, असे रस्ते बांधणाऱ्यांचे मोजमाप आहे. आणि कोपऱ्यावर दहा-बारा फूट उंच ऊस उभा असेल, तर दोघांना एकमेकांची गाडी दिसते ती तीस-चाळीस मीटरवर! मग दोघेही कितीही सावध असोत.

तेव्हा पहिले काम कोपरा मोकळा करण्याचे, आणि ते बरेचसे आपल्याच हातात आहे. गावरस्त्यावर हमरस्त्यापासून १५ मीटर मागे उभे राहा आणि तेथून हमरस्त्यावर निदान ११० मीटर लांबपर्यंत नजर पोहोचते का ते पाहा. (ताशी ५० च्या वेगाला एवढे चालते, ८० च्या वेगाला १८० मीटर लागतात.) हा तिकोनी तुकडा आठेक गुंठ्यांचा होतो. त्यातला काही भाग तर रस्त्याच्याच हद्दीत असतो. उरलेल्या तुकड्यात ऊस किंवा मका न लावता कांदा, हरभरा, भुईमूग घेतला तर जमीन पडीक राहत नाही आणि नजरही अडत नाही. ज्याची जमीन कोपऱ्यावर आहे त्याच्यावर हा भार एकट्यावर पडतो हे खरे. पण त्याचीही पोरे त्याच फाट्यावरून शाळेला जातात. रस्त्याच्या हद्दीतल्या वेड्या बाभळी आणि ते शुभेच्छांचे फलक काढायला तर कोणाचेच नुकसान नाही.

गतिरोधकाबद्दल एक गैरसमज आहे. अपघात झाला की गावकरी हमरस्त्यावरच गतिरोधक मागतात, कधी रातोरात मुरूम-डांबराचा उंचवटा स्वतःच घालतात. पट्टे नाहीत, फलक नाही, असा उंचवटा रात्री मोटारसायकलवाल्याचा घात करतो. गतिरोधक हवा तो आधी गावरस्त्यावर, हमरस्त्याला मिळण्याच्या अलीकडे, म्हणजे गावातून येणारा थांबेल आणि पाहील. हमरस्त्यावर पुढे फाटा असल्याचा फलक, आडवे जाड पट्टे आणि दिवा मागावा. दोन गावांचे रस्ते समोरासमोर मिळून चौफुली होत असेल तर ते थोडे पुढे-मागे सरकवून दोन तिठे करता येतात का, हेही अभियंत्याला विचारावे. चौफुलीवर गाड्यांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना भिडतात, तिठ्यावर फक्त ९ ठिकाणी. एसटीचा थांबा फाट्याच्या अलीकडे नको, ओलांडून पुढे हवा, नाहीतर उभी बसच आडोसा होते.

ट्रॉलीचे सांगायचे तर गळीत हंगामात उसाच्या मोळ्या मागचा दिवा झाकून टाकतात. मागे तांबडी, बाजूला पिवळी, पुढे पांढरी चमकपट्टी लावावी आणि लोंबणाऱ्या उसावर चमकणारे कापड बांधावे. बैलगाडीलाही तेच.

आता सर्वांत नडणारी गोष्ट. आपल्याकडे अपघात झाला की चार जण मध्ये पडतात आणि प्रकरण आपसांत मिटते. पोलिसांत नोंद होत नाही. राष्ट्रीय महामार्गावर एखाद्या ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत जीव गेलेले किंवा गंभीर जखमा झालेले पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा धोक्याची म्हणून सरकारी यादीत जाते. दहा मृत्यू! हा आकडाच अंगावर काटा आणणारा आहे. पण नोंदच नसेल तर आपला फाटा त्या यादीत कधीच चढणार नाही. मिटवामिटवी जरूर करा, पण नोंद करूनच. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, त्यामुळे साक्षीपुराव्याच्या भीतीने कोणी मागे राहू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवावा.

ग्रामसभेत ठराव करताना आधी रस्ता कोणाचा ते शोधावे. पुष्कळदा हमरस्ता राष्ट्रीय महामार्गाचा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा आणि गावरस्ता जिल्हा परिषदेचा असतो, आणि दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून अर्ज दोघांनाही द्यावा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला प्रत पाठवावी. अर्जासोबत फाट्याचा हाताने काढलेला नकाशा आणि तीन वर्षांतल्या अपघातांच्या तारखा जोडाव्यात. २०१९ च्या त्याच दुरुस्तीत १९८-अ हे कलम आले आहे. रस्ता बांधणारा वा सांभाळणारा सुरक्षेचे ठरलेले निकष पाळत नसेल आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला वा कोणी अपंग झाला, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या वेळी कोर्ट हेही पाहू शकते की दोष आधी कळवला होता का. म्हणून अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.